स्वेच्छेने, साभार

ऑगस्टच्या मेंटेनन्सच्या बिलात या वर्षीही ती ओळ होती. पाणीपट्टी, सिंकिंग फंड, रिपेअर फंड, पार्किंग, आणि त्यांच्या रांगेत मुकाट उभा असल्यासारखा 'उत्सव निधी : २०० रुपये'. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत, 'ज्या सभासदांना उत्सव निधी द्यावयाचा नसेल त्यांनी सोसायटीच्या कार्यालयात लेखी अर्ज करावा.' आमच्या मुलुंडच्या सोसायटीत दोन विंग मिळून ८८ घरं. आजवर असा अर्ज किती जणांनी केला, हे मी मॅनेजरला सहज विचारलं तर तो जरा वेळ माझ्याकडे बघतच राहिला.

"कुणीच नाही मॅडम. तुम्हाला करायचाय का?"

मला करायचा नव्हता. २०० रुपयांचं काही नव्हतं आणि गणपतीशी तर माझं मुळीच वाकडं नाही. तरी ती ओळ मला दर वर्षी टोचते. का टोचते हे सांगायचं तर गिरगावात जावं लागेल.

आमची चाळ केशवजी नाईकांच्या चाळीपासून चालत पाच-सात मिनिटांवर. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती १८९३ साली त्या चाळीत बसला, याचा अभिमान आसपासच्या आम्हा सगळ्यांनाच होता. शेजारच्यांचा मुलगा बोर्डात आला की आपणही दोन दिवस ताठ चालतो, तसा. गोकुळाष्टमी उलटली की मंडळाची पावती पुस्तकं छापून यायची आणि आम्हा पोरांच्या चार-चारच्या टोळ्या निघायच्या. एकाने बोलायचं, एकाने लिहायचं, एकाने पैसे सांभाळायचे आणि चौथ्याने नुसतं बरोबर यायचं, कारण त्याचे वडील खजिनदार. मी लिहिणारी. अक्षर बरं होतं म्हणून. एकदा कार्बन पेपर उलटा घातला गेला आणि अख्ख्या मजल्याच्या पावत्यांच्या पाठीवर उलटी अक्षरं उमटली, स्थळप्रत कोरीच. रात्री कंदील लावून हिशोब जुळवणाऱ्या खजिनदारांनी (वीज होती, पण त्या दिवशी गेली होती) आम्हाला पुन्हा घरोघरी पाठवून पावत्यांवरचे आकडे उतरवून आणायला लावले.

वर्गणी ११, २१, फार झालं तर ५१. पण त्या फेरीत पैशांपेक्षा बाकीचंच जास्त गोळा व्हायचं. 'नंतर या' म्हणजे अजून पगार झालेला नाही, हे कळायला लागलं. 'हे घरी नाहीत' असं सांगणाऱ्या काकूंच्या पायाशी काकांच्या चपला दिसायच्या, आणि त्या दिसल्या तरी बोलायचं नसतं, हेही कळलं. कुणाच्या आजी अंथरुणाला खिळल्यात, कुणाकडे कोकणातून पाहुणे आलेत, कुणाची मुलगी माहेरी आली आहे आणि यंदा परत जायचं नाव काढत नाही. जनगणना दहा वर्षांनी व्हायची, आमची दर श्रावणात.

दुसऱ्या मजल्यावर चौदा नंबरच्या खोलीत एक काका राहायचे. छापखान्यात कंपोझिटर. दिवसभर खिळे जुळवून बोटांची टोकं काळी झालेली. गिरगावात तेव्हा गल्लोगल्ली छापखाने होते. काका नास्तिक होते, पण चिडखोर नव्हते. पहिल्या वर्षी त्यांच्या दारात गेलो तेव्हा त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि कोरी पावती डोळ्यांजवळ नेली.

"काय लिहिलंय, वाच."

"आपण स्वेच्छेने दिलेली वर्गणी साभार पोहोचली."

"स्वेच्छेने म्हणजे?"

"मनापासून," मी म्हटलं.

"मनापासून वेगळं. स्व अधिक इच्छा. माझी स्वतःची इच्छा. आता माझी इच्छा नाही. मग काय करशील?"

मी टोळीकडे बघितलं. टोळी गॅलरीच्या कठड्यावरून खाली बघत होती.

"मग... पावती फाडायची नाही."

"बरोबर. आत या."

आत बसवून त्यांनी आम्हाला लिमलेटच्या गोळ्या दिल्या. पुढची चार-पाच वर्षं हे असंच. काका नाही म्हणायचे, आम्ही गोळ्या खायचो. एका वर्षी त्यांनी पावतीतल्या 'मंडळाचे आभारी आहोत' या वाक्यात कोण कुणाचे आभारी आहे, याची दहा मिनिटं उलटतपासणी घेतली, आणि पुढच्या वर्षी ते वाक्य दुरुस्त होऊन आलं.

मग एका वर्षी आमच्यातला बोलणारा म्हणाला, "चौदाला कशाला जायचं? ते देत नाहीतच." हिशोबी होतं. आम्ही सरळ पंधरात गेलो.

चतुर्थीच्या आदल्या रात्री खाली पटांगणात मखराचं काम चाललं होतं. थर्माकोलचा चुरा सगळ्यांच्या केसांत. काका बनियन-पायजम्यावर जिना उतरून आले आणि मंडळाच्या अध्यक्षांसमोर उभे राहिले.

"माझ्याकडे कुणी आलं नाही यंदा."

"अहो, पण तुम्ही देत नाही ना!"

"मी देत नाही हे तुम्ही कोण ठरवणार? ते मी ठरवतो. दर वर्षी."

"बरं, मग देताय का?"

"नाही."

सगळे हसले. काका हसले नाहीत. अध्यक्ष चाणाक्ष होते, त्यांनी आम्हा चौघांना डोळ्यांनी खूण केली. आम्ही पुस्तक घेऊन काकांच्या मागोमाग दोन मजले चढलो. काकांनी आत जाऊन दार लावून घेतलं. आम्ही कडी वाजवली. काकांनी दार उघडलं, चष्मा कपाळावर चढवला, "बोला" म्हणाले, आणि सगळं ऐकून घेऊन नाही म्हणाले. लिमलेटची बरणी भरलेलीच होती.

तेव्हा आम्हाला ही निव्वळ गंमत वाटली होती. त्या माणसाला त्या रात्री काय लागलं होतं, ते मला उत्सव निधीच्या ओळीने समजावलं. त्या ओळीत चौदा नंबरच्या काकांना जागाच नाही. फार तर ते लेखी अर्ज करतील, तो फायलीत जाईल, आणि पुढच्या वर्षीपासून त्यांच्या बिलातून ती ओळ कायमची गळेल. म्हणजे आधी त्यांना न विचारता हो धरलं, नंतर न विचारता नाही धरलं.

आता जुन्या चाळीची आरती ओवाळायची माझी इच्छा नाही. 'स्वेच्छेने' हा शब्द त्या काळीही बराचसा पावतीपुरताच होता. पटांगणात फळा लागायचा आणि त्यावर खोली नंबर, नाव, रक्कम. ११ रुपयांच्या शेजारी ५१ लिहिलेले दिसले की पुढच्या वर्षी आकडा आपोआप वाढायचा. चाळीबाहेर तर प्रकार आणखी वेगळा. रस्त्यावरच्या दुकानदारांकडे काही मंडळांची दांडगी पोरं जायची, ती आकडा आधीच लिहून न्यायची. वर्गणी आणि खंडणी यांचं यमक मुंबईत उगाच जुळलेलं नाही. दारात उभं राहून विचारण्यात धाकही असू शकतो. बिलातली ओळ निदान कुणाकडे डोळे वटारून बघत नाही.

आमच्या सेक्रेटरींचं म्हणणं हेच. भले गृहस्थ आहेत, बँकेतून निवृत्त. मी विषय काढला तेव्हा म्हणाले, "ताई, आधी आपणही मुलांना पाठवायचो. अर्धी दारं उघडायचीच नाहीत. आयहोलमधून बघायचे आणि टीव्हीचा आवाज कमी करायचे. मुलं रडकुंडीला यायची. आता सर्वसाधारण सभेत ठराव केला, सूचक, अनुमोदक, सगळं रीतसर. पैसे दुप्पट जमतात आणि कुणाच्या तोंडाला तोंड लागत नाही." त्यांचा प्रत्येक शब्द खरा आहे. कुणाच्या तोंडाला तोंड लागत नाही, हा तर अगदीच.

सोसायटीचं सभासदत्व हेही एक गमतीचंच प्रकरण. सहकाराचं पहिलं तत्त्व ऐच्छिक आणि खुलं सभासदत्व. २०११ च्या ९७व्या घटनादुरुस्तीने मार्गदर्शक तत्त्वांत ४३ ब हे कलम घातलं, त्यातही सहकारी संस्थांची स्थापना स्वेच्छेने व्हावी असा शब्द आहे. प्रत्यक्षात फ्लॅट घेतला की आपण अर्ज करतो, शेअर सर्टिफिकेट मिळतं, आणि आपल्याच मर्जीने सहकारी झालो असं मानून लिफ्टचं बटण दाबतो. नाही म्हणायचं ठरवलं तर पाणी कुठून आणणार? पण इथे माझी तक्रार नाही. गच्ची गळायला लागली की ती कुणाच्या इच्छेची वाट बघत नाही. काही गोष्टींत सगळ्यांना धरूनच चालावं लागतं. उत्सव ही त्यातली गोष्ट आहे का, एवढाच माझा प्रश्न.

फोनवर तर आपण रोजच धरले जातो. जेवण मागवलं, बिल उघडलं, तर खाली कुठल्याशा चांगल्या कामासाठी दोन-तीन रुपये आधीच जोडलेले आणि चौकटीत बरोबरची खूण. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ क्लृप्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली. गिऱ्हाइकाच्या संमतीवाचून बिलात देणगी सरकवणं त्या यादीत आहे. २०२३ च्याच डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यातही संमती स्पष्ट कृतीतून दिसली पाहिजे असं म्हटलंय. म्हणजे गप्प बसलेल्या माणसाला हो म्हणाला असं समजू नका. चौदा नंबरचे काका हे वाचायला हवे होते. अर्थात, वाचून त्यांनी आधी शुद्धलेखन तपासलं असतं.

हे सगळं दोन-तीन रुपयांचं. पण याच प्रश्नाचं एक टोक असं आहे की तिथे मी स्वतः डळमळते. अवयवदान. आपल्याकडे १९९४ चा कायदा आहे आणि तो विचारून घेणारा आहे. तुम्ही प्रतिज्ञापत्र भरलंत तरी शेवटी घरच्यांना विचारलं जातंच. युरोपात काही देशांत उलट : नको म्हणून कळवलं नसेल तर तुमची संमती आहेच असं धरतात. जॉन्सन आणि गोल्डस्टीन या दोन अभ्यासकांनी २००३ साली या देशांचे आकडे शेजारी-शेजारी मांडले. जर्मनीत, जिथे स्वतःहून हो म्हणावं लागतं, संमती १२ टक्के. शेजारच्या ऑस्ट्रियात, जिथे हो धरलेलं असतं, ९९ टक्क्यांहून जास्त. भाषा एक, सीमा लागून. ऑस्ट्रियातल्या माणसाचं काळीज काही आठपट मोठं नसणार. फॉर्मवरची एक ओळ बदलली, इतकंच. हे वाचून मला सेक्रेटरींचं 'पैसे दुप्पट जमतात' आठवलं. इथे तर पैशांची गोष्टच नाही. कुणाचं तरी मूत्रपिंडासाठी वाट बघणारं मूल आहे. मग धरा की सगळ्यांना! माझ्या मानापमानाचं काय घेऊन बसलात?

पण स्पेनचं वाचलं तेव्हा थांबले. मरणोत्तर अवयवदानाच्या बाबतीत जगात वर्षानुवर्षं पुढे असलेला हा देश. कायदा १९७९ चा, संमती धरून चालणारा. तरी तिथे न विचारता कुणाचं काही काढत नाहीत. १९८९ मध्ये त्यांनी राष्ट्रीय संस्था उभारली, रुग्णालयांतून प्रशिक्षित समन्वयक नेमले, आणि हे लोक अतिदक्षता विभागाबाहेर घरच्यांशेजारी बसून विचारतात. कायद्याने गरज नसताना. तिथली यंत्रणा चालवणारी मंडळी यशाचं श्रेय कायद्यातल्या गृहीतकाला देत नाहीत, या बसून विचारण्याला देतात.

याचं मला नवल वाटलं नाही, कारण आमच्या घरात ते घडून गेलं होतं. बाबा सात वर्षांपूर्वी गेले, मुलुंडच्या घरीच, पहाटे पाचला झोपेत. डॉक्टर येऊन गेले. आई पलंगाच्या कडेला बसून राहिली होती आणि मी फोन करत सुटले होते. साडेसहाला बी विंगमधल्या एक बाई आल्या. आमची ओळख लिफ्टमधली, हसण्यापुरती. त्या आईशेजारी बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एक विचारू का? नाही म्हणालात तरी चालेल. त्यांचे डोळे द्यायचे का?"

बाबांनी कधी फॉर्म भरला नव्हता. आम्ही कधी त्यावर बोललोही नव्हतो. आईने त्या बाईंकडे बघितलं आणि म्हणाली, "चष्मा होता हो त्यांना. मोतीबिंदूचं ऑपरेशनही झालंय. चालतील?"

चालतात. चष्मा, मोतीबिंदू, मधुमेह, काही आड येत नाही. फक्त सहा तासांच्या आत. त्या बाईंनी पंखा बंद केला, डोळ्यांवर ओला कापूस ठेवला, डोक्याखाली आणखी एक उशी सरकवली. नेत्रपेढीची माणसं तासाभरात आली. कागदावर आईची सही आणि दोन साक्षीदार. एक त्या बाई, दुसरा वॉचमन, कारण तेवढ्या पहाटे तोच होता. वीस-पंचवीस मिनिटांत सगळं झालं. बाबांच्या चेहऱ्यात काही फरक कळत नव्हता. आई आजही, कुणी विचारलं तर, 'आम्ही डोळे दिले' असंच म्हणते. 'आम्ही' या शब्दावर जरा जोर देऊन. कुठल्याशा कलमाने ते आधीच गेलेले असते तर तिच्याजवळ हे वाक्य नसतं, कुणाला तरी दृष्टी मात्र तितकीच मिळाली असती. या दोन्हींचा हिशोब मला जुळवता येत नाही. कार्बन उलटा पडलाय म्हणायचं.

एक मात्र तेव्हापासून वाटतं. न विचारता धरून चालण्यात माझं नाही म्हणायचं स्वातंत्र्य जातं की नाही, हा वकिलांचा प्रश्न. मला जाणवतं ते समोरच्याचं. विचारणाऱ्याला जिना चढावा लागतो. अवघडून दारात उभं राहावं लागतं, नाही ऐकायची तयारी ठेवावी लागते. त्या बी विंगच्या बाई आमच्या दाराशी किती वेळ घुटमळल्या असतील कोण जाणे. बिलातली ओळ जिना चढत नाही. आमच्या सातव्या मजल्यावरचे एक आजोबा फेब्रुवारीपासून पुण्याला मुलीकडे राहायला गेलेत, हे मला परवा कळलं. त्यांचा उत्सव निधी वेळेवर जमा होतोय.

आणि तरीही आपल्या मराठी घरांत न विचारण्याचाच मान मोठा! पत्रिका परक्यांना. आपल्या माणसाला पत्रिका दिली तर तो रुसतो, "मला काय आमंत्रण देता? मी पाहुणा आहे का?" 'घरचंच कार्य आहे' असं म्हटलं की विषय संपला. मलाही हे आवडतं. मावशीच्या घरी मी कधी विचारून जेवलेले नाही. पण 'घरचंच' म्हणून कुणाला जेवायला बसवतात आणि कुणाला वाढायला उभं करतात, हे एकदा बघायला हवं.

आईचं बघा. चाळीत मंडळाच्या गणपतीला पहिल्या दिवशी उकडीचे मोदक लागायचे, ते आई करायची. पहिल्या वर्षी कुणी सांगितलं असेल, मग ती रीतच पडली. चतुर्थीच्या पहाटे तांदळाच्या पिठीचा डबा, नारळ आणि गूळ दाराशी आणून ठेवलेला असायचा. बस्स. कार्यकारिणीत तिचं नाव नव्हतं, फळ्यावर बाबांचं होतं. पस्तीसेक वर्षं तिने त्या मोदकांना कळ्या पाडल्या. तिला त्याचा आनंद होता का, तर होता. तिला कुणी कधी विचारलं होतं का, तर नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत तरुण मुलींची नवी कमिटी आली. त्यातली एक, जीन्समधली, वही घेऊन वर आली. बिलात उत्सव निधी असूनही आली, कारण मोदक बिलातून येत नाहीत. "आजी, या वर्षी आपण विकतचे नाही आणायचे असं ठरवलंय. कोण-कोण करणार त्यांची नावं लिहितेय. तुम्हाला जमेल का? तुमची इच्छा असेल तरच हं."

आई सोफ्यावर बसली होती. तिने वही बघितली, त्या मुलीकडे बघितलं. मला खात्रीच होती.

"नको," आई म्हणाली.

मुलगी गोड हसून 'काही हरकत नाही' म्हणाली आणि गेली. मी थक्क. आईच्या गुडघ्यांचा त्रास आहे, पण मोदक ती बसूनही करते. मी विचारलं, "का गं?"

"काही नाही. पहिल्यांदा कुणी विचारलं, तर नाही म्हणून बघितलं."

चतुर्थीच्या दुपारी ती आडवी पडून खालच्या लॉबीतली आरती ऐकत होती. स्पीकरवरून ती चौदाव्या मजल्यावरही नीट येते. थोड्या वेळाने तीच मुलगी वाटीत दोन मोदक झाकून घेऊन आली. आईने एक उचलला, उजेडात धरला, कळ्या मोजल्या. नऊ होत्या. एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

"पारी जाड झालीय. उकड नीट मळलेली नाही. सारण मात्र बरं जमलंय," ती म्हणाली. मग वाटी माझ्याकडे सरकवून जरा वेळ गप्प बसली.

"पुढच्या वर्षी परत येईल ना गं ती विचारायला?"